डावा कोपरा

सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातल्या फ्लॅटमध्ये बाळासोंनी नवा वूफर आणला, पण भिंतीच्या मधोमध ठेवल्यावर गाण्यातला ढोल पत्र्याच्या डब्यासारखा वाजायचा. "पप्पा, कोपऱ्यात सरकवा. दोन भिंती मिळाल्या की बेस वाढतोय," रुपाली म्हणाली आणि तिनंच तो देव्हाऱ्यातल्या देवाच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. ढोल असा घुमायला लागला, की देव्हाऱ्यातली घंटी आपोआप किणकिणायची.

त्याच महिन्यात रुपालीला स्थळ आलं. बाळासोंनी बिरोबाची गाणी लावून देवाला कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. डावं पडलं. पुढच्या स्थळालाही डावंच पडलं आणि त्याच्या पुढच्यालाही.

"देवाच्या मनातच न्हाय," वूफरचा रिमोट ओढणीखाली सरकवत रुपाली हळहळली.

मग सांगोल्याचं स्थळ आलं. डाळिंबाची मोठी बाग आणि मुलगा एकुलता एक. बाळासोंनी आंघोळ केली, फुलं चिकटवली आणि गाणं लावायच्या आधी वूफर उचलून उजव्या कोपऱ्यात नेऊन ठेवला.

"हितनं आवाज जरा मोकळा येतोय," ते कुणाकडंही न बघता म्हणाले.

रुपालीनं आईकडं बघितलं. मायाक्का पिठाचे हात पुसत उठल्या आणि त्यांनी वूफरची पिनच काढली.

"देवालाच इच्यारायचं हाय न्हवं? मग आज त्याचं त्याला ठरवू द्या की."