जाहीर चूक

यशश्री आणि संजना नाशिकच्या एकाच लॅबमध्ये द्राक्षाच्या पानांतली स्निग्धद्रव्यं तपासायच्या. यंत्रातून येणाऱ्या हजारो आकड्यांचा अर्थ लावणारं सॉफ्टवेअर संजनाने लिहिलं आणि सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं. परदेशातून तिला आभाराच्या मेल येऊ लागल्या, तसा यशश्रीचा जळफळाट वाढला. तीन आठवडे ती त्या सॉफ्टवेअरची ओळन् ओळ वाचत राहिली. शेवटी चूक सापडलीच. सारख्या वजनाची दोन वेगळी द्रव्यं ते एकच धरत होतं. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या संजनाला तिने काही सांगितलं नाही. जगभरच्या वापरणाऱ्यांना दिसेल अशा बेताने, त्या सॉफ्टवेअरच्या वेबपानावर ती चूक तिने स्वतःच्या नावाने, ओळ क्रमांकासकट जाहीर केली.

दुपारी संजना तिच्यासमोर येऊन उभी राहिली. आता ही रडणार नाहीतर भांडणार, या विचाराने यशश्री मनातून सुखावली.

"दोन वर्षं झाली हे लिहून," संजना म्हणाली. "वापरलं सगळ्यांनी, कौतुकही केलं. पण बसून वाचलं कुणीच नव्हतं गं. तू माझ्यासाठी एवढं केलंस?"