कोपऱ्यातला नमस्कार

"मोबाइलवर शिकलेल्यांना मी घेत नाही," कराटेच्या सरांनी दारातच सांगून टाकलं. "चुकीचं अंगात मुरलेलं असतं. ते मोडता मोडता माझ्या नाकी नऊ येतात."

पार्लरवालीनं तरीही चपला काढल्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती खुर्च्या भिंतीला सारायची, शाम्पूच्या बाटलीला फोन टेकवायची आणि जपानमधल्या ओकिनावाच्या एका म्हाताऱ्या गुरुजींचा व्हिडिओ लावायची. गुरुजी काय बोलतात ते तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण ते सावकाश करून दाखवायचे आणि कधी वैतागायचे नाहीत. असा शिक्षक तिला शाळेतसुद्धा मिळाला नव्हता. पन्नाशीत हे काय खूळ, असं म्हणणारा नवराही हल्ली फोन घसरला तर मुकाट्यानं नीट लावून द्यायचा. फक्त आपला पाय कुठे चुकतो, ते गुरुजी सांगू शकत नव्हते. त्यासाठी तिला समोर उभं असलेलं माणूस हवं होतं.

"एकदा बघा तरी, सर. नाही पटलं तर आल्या पावली परत जाते."

सर हाताची घडी घालून उभे राहिले. तिनं काता सुरू केला, म्हणजे ठरलेल्या क्रमानं वार आणि बचाव. वळताना तोल गेला, एक ठोसा भलतीकडेच गेला. सरांचं तोंड वाकडं झालं. शेवटी ती समोर वाकली. मग डावीकडच्या कोपऱ्याकडे वळली आणि पुन्हा वाकली, आधीपेक्षा जास्त.

कोपऱ्यात चपलांचं कपाट होतं. बाकावरच्या दोन पोरी फिसकन हसल्या.

"हे दुसऱ्यांदा वाकणं कुठून आणलंत?" सरांनी विचारलं.

"व्हिडिओतले ओकिनावाचे गुरुजी करतात. मला वाटलं, कात्यातलंच आहे."

"कात्यातलं नाही ते." सरांचा आवाज खाली आला. "त्या बाजूला कॅमेरा होता."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच धरला होता. त्यांच्याकडे शिकायला गेलो होतो तेव्हा. सकाळपासून धरून हात भरून आले होते. ते वाकले, मला वाटलं, बंद कर म्हणताहेत. घाईघाईनं बटण दाबलं. पुढे ते गेले, आणि मला तो व्हिडिओ कधी बघवला नाही."

"नाही हो, सर," ती म्हणाली. "बंद कर म्हणायला कुणी इतकं वाकून नमस्कार करतं का? मी रोज बघते ना. हसू असतं त्यांच्या तोंडावर."

सरांनी डोळे बाहीला पुसले. मग ते चपलांच्या कपाटापाशी जाऊन उभे राहिले.

"पुन्हा करा. पहिल्यापासून."

"पाय चुकला तर सांगाल?"

"पायाचं उद्यापासून बघू. आज शेवटपर्यंत करा."

तिनं केला. चुका सगळ्या होत्या तिथेच होत्या. समोर वाकून ती कोपऱ्याकडे वळली, तेव्हा सर तिच्याआधीच वाकलेले होते.