ढगवाले साहेब

“पवनचक्क्या ढग पळवतात,” म्हणत आमच्या ऑफिसवर तीनदा मोर्चा आणलेले हिंदुरावतात्या या वेळी एकटेच आले. हातात पेढ्यांचा पुडा.

“साहेब, रविवारी लेकीचं लगीन हाय. मांडव उघड्यावर, अन् टीव्हीवाले अवकाळी पाऊस सांगत्यात. तेवढा दिवस चक्क्या जोरात फिरवा.”

“ते अंदाज, तो हवामानबदल, सगळं थोतांड म्हणता ना तुम्ही?”

“थोतांडच! पण व्याही मुंबईचा, त्याचा इस्वास हाय.”

मी इंजिनिअर माणूस. वाऱ्यानं पाती फिरतात, पात्यांमुळे वारा सुटत नाही, हे कागदावर चित्र काढून समजावलं. तात्यांनी मान डोलावली आणि त्याच कागदात चार पेढे बांधून माझ्या खिशात कोंबले.

रविवारी थेंबही पडला नाही. पंगतीत तात्यांनी व्याह्यांना माझी ओळख करून दिली, “हे आमचे ढगवाले साहेब.” माझ्या तोंडात जिलेबी होती, नाही म्हणता आलं नाही.

सोमवारी फाटकावर चौथा मोर्चा. पुढं तात्याच, पण पेढे नव्हते.

“लगीन झालं, साहेब. आता पेरण्या तोंडावर आल्यात,” ते म्हणाले. “चक्क्या उलट्या फिरवा.”