बाभळीपाशी आळं

मानाजींनी वहीतल्या शेवटच्या चार ओळी वाचल्या, आणि पुन्हा वाचल्या.

वही आणून देणारी विद्युलता अजून दारातच उभी होती. "आता तुमची पाळी ना, काका? हे म्हणाले, नेऊन दे. स्वतः मात्र सहालाच गळ घेऊन पळाले!"

ओळी तिच्या नवऱ्याच्याच होत्या. विद्याधरचं अक्षर मोठं टापटिपीचं. 'मला पोहता येत नाही, म्हणून आजवर बांधावरूनच गळ टाकला. पण मानाजीकाकांच्या बाभळीपाशी आळं आहे म्हणतात. उद्या आळ्यात उतरून उभा राहीन. फार तर गुडघाभर पाणी असेल.'

मानाजींनी पान उलटलं. मागे त्यांची स्वतःची ओळ होती: 'बाभळीपाशीं आळं आहे. विराल तेथें मिळेल.'

आळं! तंजावरहून मद्रासला आलेल्या मानाजींच्या घरात चार पिढ्या खोल पाण्याला आळं म्हणत आल्या होत्या. शब्द तमिळ आहे, हे कधी कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. आणि विद्याधर पडला साताऱ्याचा, रेल्वेत बदलून आलेला. त्याच्या गावी आळं म्हणजे झाडाला पाणी घालायला बुंध्याभोवती केलेला वीतभर खळगा.

वही काढण्याची हौस मानाजींचीच. मद्रासच्या मांबलममधले मराठी गळवाले रविवारी एकाच तळ्यावर जात आणि एकमेकांना ओळख देत नसत. साठ सालच्या दिवाळीत त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि घरोघर फिरवली. ज्याला जिथे मासा लागेल त्याने ते लिहायचं आणि वही पुढच्या घरी द्यायची. दोन वर्षांत सात घरं झाली. मासे थोडे आणि चेष्टा फार. 'विराल म्हणजे काय?' असं विद्याधरने समासात विचारलं होतं, त्याखाली सातांतल्याच एका घरच्या जनकोजीचं उत्तर होतं: 'तुमचा मरळ!' न कळलेला शब्द विद्याधर नेहमी विचारायचा. पण कळलेला शब्द कोण विचारतो?

"काय झालं, काका?"

"कांहीं नाहीं, अम्मा. तूं घरीं जाऊन कॉफी कर. मी त्याला घेऊन येतों."

त्यांना तिच्या तोंडाकडे बघवेना. वही बगलेत मारून त्यांनी सायकल काढली.

कोडंबाक्कमच्या पलीकडे, तळ्यापर्यंत, ते साठीचे गृहस्थ कसे पोचले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. डोक्यात एकच, बाभळीपाशचा तो खड्डा. वीटभट्टीवाल्यांनी वर्षानुवर्षं माती उपसून केलेला. काठावर घोटाभर पाणी, पुढचं पाऊल टाकलं की दोन पुरुष खोल. मी लिहिलं, माझ्या हातानं लिहिलं, एवढंच ते पुटपुटत होते.

बांधावर चपला होत्या, शेजारी शेजारी नीट ठेवलेल्या. डबा होता. पाण्यावर बांबूची काठी तरंगत होती. माणूस नव्हता.

"विद्याधर!" ते पाण्याच्या कडेशी धावले. "अय्यो, विद्याधर!"

"काका..."

बाभळीची एक फांदी पाण्यावर वाकली होती. तिच्या पाल्यात एक डोकं दिसत होतं आणि फांदीला आवळलेले दोन हात. काट्यांनी रक्तबंबाळ झाले होते, पण सुटले नव्हते.

"हालूं नको! सोडूं नको!" मानाजींनी कमरेची धोतरासारखी वेष्टी सोडली, एक टोक बुंध्याला बांधलं, दुसरं फेकलं. पहिल्या खेपेला चुकलं. दुसऱ्या खेपेला विद्याधरच्या मनगटावर पडलं, पण फांदी सोडायला त्याचा हात धजेना. "एक हात सोड रे बाळा, फक्त एक," मानाजी रडत म्हणाले. शेवटी त्याने सोडला.

मानाजींनी वेष्टी ओढत त्याला बांधावर घेतलं. विद्याधर कुडकुडत होता आणि मानाजी लंगोटावर होते, याचं दोघांनाही भान नव्हतं.

"आमच्यांत खोलास आळं म्हणतात रे," मानाजी म्हणाले. "खोल!"

"कळलं." विद्याधरचे दात वाजत होते.

"वही बंद. आतां फाडतों, येथेंच." त्यांनी वही उचललीही.

विद्याधरने ती त्यांच्या हातातून ओढून घेतली. डब्याच्या पिशवीतून पेन्सिल काढली. मानाजींच्या ओळीखाली, सगळ्या वहीत शोभणार नाही अशा वेड्यावाकड्या अक्षरात, त्याने लिहिलं: 'आळं म्हणजे खोल. स्वतः पाहिलं.' पानावर रक्ताचा अंगठा उमटला. तो पुसायला गेला तर आणखी पसरला.

मग त्याने वही मिटली नाही. पहिलं पान काढलं आणि एकेका शब्दावर बोट ठेवत खाली येऊ लागला. दोन वर्षं हे सगळे शब्द त्याला कळत होते. एका जागी बोट थांबलं.

"काका," तो अगदी हळू म्हणाला, "तुमच्याकडे पाणी म्हणजे पाणीच ना?"

मानाजींनी उत्तर देण्याआधी एकदा तळ्याकडे पाहिलं.