न खपलेलं पापलेट

केशरबाईंनी ताटातलं पापलेट एका बोटाने उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि विचारलं, "कितीला आनला जयेशनं?"

"आई, ते खायचंय. भाव काय विचारताय?" निशा म्हणाली.

"खाते गो." केशरबाईंनी कडेचा इवलासा तुकडा मोडला, तोंडात बराच वेळ घोळवला, वर पाणी प्यायल्या. मग ताट जरासं पुढे सरकवलं. झालं जेवण.

निशाला पूर्वी या गोष्टीचा राग यायचा. आता नुसतं नवल वाटायचं. सासूबाईंचा टीबी बरा झाला होता. गोळ्या संपल्या होत्या, रिपोर्ट स्वच्छ होते. वजन मात्र चौतीसवर आलं होतं आणि अजून खालीच चाललं होतं. आणखी घटलं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. ते ऐकल्यापासून जयेश रोज बाजारातलं सगळ्यात भारी म्हावरं निवडून आणायचा. आईने जन्मभर विकलं, आता पोटभर खाऊ दे, म्हणायचा. सुरमई झाली, रावस झाला, जिताडा झाला. आई सगळ्याची तारीफ करायची आणि मांजरालाही पुरणार नाही एवढं खायची.

"चव लागत नाही का?" निशाने विचारलं.

"चव झ्याक हाय."

"मग?"

"घशाखाली उतरत नाय. का ते मनाच कलत नाय." केशरबाई खरंच विचारात पडल्या होत्या. नळीची भीती त्यांनाही होतीच.

निशा त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. ती टिटवाळ्याहून लग्न होऊन इथे ठाण्याच्या कोळीवाड्यात आली, तेव्हा तिला साधे बोंबील साफ करता येत नव्हते. या बाईने एकदाही न हसता तिला सगळं शिकवलं होतं. तिच्या नाकात नळी, ही कल्पनाच तिला सोसवत नव्हती.

"आई, तुम्ही बाजारात म्हावऱ्याची पाटी घेऊन बसायचात, तेव्हा घरी काय खायचात?"

"उरंल ते."

"आणि पापलेट?"

"उरला तर पापलेट."

"कधी उरायचं?"

केशरबाई एकदम ताठ झाल्या. "माज्या पाटीत? पापलेट? कदीच नाय!" त्या आवाजाचं वजन काही चौतीस किलो नव्हतं.

निशा ताटाकडे बघत राहिली. विकायचा माल खायचा नाही, असं या घरात कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. चांगलं ते पाटीत, मोडकंतोडकं ते कालवणात. आणि जयेश शहाणा रोज पारखून पारखून नेमकं पाटीतलंच आणत होता.

उद्यापासून स्वस्तातली बारीक मांदेली आणता आली असती. पण ताट आत्ता समोर होतं आणि आजचा दिवसही उपाशीच चालला होता. निशा उठली, बाहेर गेली आणि खांद्याला बाजाराची पिशवी अडकवून परत आली. आवाज तिने खारकर आळीतल्या एखाद्या ठसकेबाज गिर्‍हाइकाचा काढला.

"काय मावशी, कसं दिलंस पापलेट?"

केशरबाईंनी चमकून वर पाहिलं. सुनेने सासूला अगं-तुगं केलेलं त्या घराने पहिल्यांदाच ऐकलं. आता आपलं काही खरं नाही, असं निशाला वाटलं. पण केशरबाईंचा हात आपोआप ताटाकडे गेला आणि त्यांनी ते तळलेलं पापलेट गिर्‍हाइकाला नीट दिसेल असं फिरवून मांडलं.

"ताजा फडफडीत माल हाय, बाय." त्यांनी भाव सांगितला. भाव चांगलाच तिखट होता.

"निम्म्यात दे."

"निम्म्यात मांदेली घे जा."

निशाने वाकून पापलेट बोटाने दाबलं. तळलेल्या माशाला दाबून कप्पाळ काय कळणार? पण गिर्‍हाईक ते गिर्‍हाईक. "मऊ लागतंय गं. शिळं दिसतंय."

"शिला? तुजा डोला शिला! सकालचा बोटीवरचा माल हाय!"

"नको मला." निशा वळली.

"बरं ये, ये. थोडं कमी दे."

"नकोच," म्हणत निशा चालू लागली.

बाजारात गिर्‍हाईक चार पावलं जातं आणि परत येतं. केशरबाई त्याचीच वाट बघत बसल्या. निशा स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. जाऊन त्यांच्याजवळ बसावं असं तिला फार वाटत होतं. पण परत गेलं तर माल खपला असता.

बाहेर बराच वेळ काही हालचाल नव्हती. मग केशरबाई पुटपुटल्या, "आज नाय खपला." ताट ओढल्याचा आवाज आला. निशाने हळूच डोकावलं. केशरबाई काटे बाजूला काढत होत्या, भाताबरोबर घास करत होत्या आणि मधूनमधून खारकर आळीच्या बाईला शिव्या घालत होत्या. पोटाकडचा भाग संपला, शेपटी संपली. निशाला रडूही येत होतं आणि हसूही. म्हातारी पुरती फसली, असं वाटून तिला जरा वाईटही वाटलं.

डोकं चोखून झाल्यावर केशरबाईंनी बोटं चाटली आणि मान न वळवता दाराकडे हाक मारली.

"ए बाय, उद्या पन नको घेऊ हां."