गल्लीच्या टोकाचं धुकं

"अजून थोडं अलीकडे घे," माई म्हणाल्या.

जावयानं दोन-चार बटणं दाबली. कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या गल्लीतलं धुकं दोन घरं अलीकडे सरकलं.

अण्णांनी वर्तमानपत्राआडून बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. छापखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेला माणूस. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची खोड जुनीच. पण सध्या बायकोशी अबोला होता. परवा बाजारात ही समोरून आली आणि ओळखही न दाखवता तशीच पुढे निघून गेली! बरोबरचे मित्र फिदीफिदी हसले. अण्णांच्या ते फार जिव्हारी लागलं होतं.

जावई व्हिडिओ गेम बनवायचा. सासुरवाडीला आला तोही काम बरोबर घेऊनच. गेममधली गल्ली त्यानं याच घराच्या बाल्कनीतून बघून बेतली होती. पण लांबचं धुकं काही केल्या जमेना. जरा मान वळवली की कडेची झाडं एकदम लख्ख व्हायची, सरळ बघितलं की परत बुडायची. टोकाच्या दुकानाची पाटी तर धुक्याला जुमानतच नव्हती. हवेत टांगल्यासारखी आपली चमकत राहायची. माईंनी शाळेत जन्मभर चित्रकला शिकवलेली, म्हणून त्यानं सल्ल्याला त्यांनाच शेजारी बसवलं होतं.

"झाडांचं काय बिनसलंय?" माईंनी विचारलं.

"अंतर चुकीचं मोजत होतो. फक्त नाकासमोरचं मोजलं जायचं, तिरकं नाही. आता थेट डोळ्यापासून मोजतो."

"आणि ती पाटी?"

"तिचा शेडर वेगळा आहे. म्हणजे तिला रंग देणारा प्रोग्रॅम. त्याला धुक्याची खबरच नाही."

"मग दे की खबर!"

अण्णांना हसू फुटलं. त्यांनी घाईघाईनं पान उलटलं.

माई उठून बाल्कनीत गेल्या. बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं. कठड्याला टेकून त्या बराच वेळ गल्लीच्या टोकाकडे बघत राहिल्या. मग येऊन पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ बसल्या.

"लांबची माणसं फार रेखीव झालीत. त्यांचे चेहरे पूस. अंगाचा नुसता आकार ठेव."

बाई कामात रंगली की अशीच, अण्णांना वाटलं. लग्नानंतर पहिल्यांदा चित्र काढताना बघितली होती, तेव्हाही जेवायचं भान नव्हतं. त्यांचा राग अर्धा तिथंच विरघळला. ते आत गेले, तिघांचा चहा केला आणि माईंचा कप मुकाट्यानं त्यांच्यासमोर ठेवला.

"जावईबापू, सांगा हो त्यांना," माई कपाकडे बघत म्हणाल्या, "चहा फक्कड झालाय."

"त्यांना सांगा, ऐकू आलं," अण्णा म्हणाले.

तिघंही हसले. घर कसं हलकं हलकं झालं.

चहा संपला तरी माईंच्या बाल्कनीत खेपा चालूच होत्या. शेवटी एकदा त्यांनी बाहेर बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"अस्संच. आता याला हात लावू नकोस."

"अण्णा, या," जावई खुर्चीतून उठला. "तुम्ही एक फेरी मारून बघा."

अण्णा आढेवेढे घेत बसले. गल्लीतून चालू लागले. पाटी आता निमूट धुक्यात होती, झाडंही जागच्या जागी. काम झकास जमलं होतं. तेवढ्यात समोरून कोणीतरी येऊ लागलं. अण्णांनी डोळे बारीक केले, मान पुढे काढली. काही उपयोग होईना.

"अरे, माणूस अगदी अंगावर येईपर्यंत कोण आहे ते कळत नाही!" ते वैतागले. "असं कसं चालेल? दुरुस्त कर हे आधी."

"दुरुस्तच केलंय, अण्णा," जावई म्हणाला. "माईंना आपली गल्ली अशी दिसते."