पन्नाशीच्या पुढचा गट

मुकुंदवाडीचे मुंजाबा वीस वर्षांनी पुन्हा मोटारसायकलच्या शर्यतीत उतरणार होते. दौलताबादजवळच्या माळावर नाव नोंदवताना त्यांनी खुला गट मागितला. तेवढ्यात त्यांची बायको कस्तुराबाई आडवी आली.

"पोरांच्यात नाय जायचं. ती पोरं लई बेफाम पळवतात. तुमी पन्नाशीच्या पुढच्या गटात खेळा, बिनघोर."

"म्हाताऱ्यांच्यात खेळू व्हय मी?" मुंजाबा कुरकुरले, पण बायकोपुढं त्यांचं काही चाललं नाही.

झेंडा पडला आणि सगळे म्हातारे पिसाळल्यासारखे सुटले. एक रिटायर झालेला एसटी ड्रायव्हर ब्रेक न मारताच वळणात घुसला. कवळी खिशात टाकून आलेल्या दुसऱ्यानं मुंजाबांना ढुशी देऊन थेट बांधावर घातलं. मुंजाबा धुळीनं माखून सगळ्यांच्या शेवटी आले.

मग खुल्या गटाची शर्यत सुटली. वळण आलं की पोरं गाडी आवरत होती. कस्तुराबाई ते बघत नवऱ्याचं तोंड पदरानं पुसत होती.

"पुढच्या साली पोरांच्यातच नाव घाला," ती म्हणाली. "त्या बिचाऱ्यांची लग्नं व्हायचीत अजून, जपून चालवतात."